कान्ह्यात राहतो की कान्हे सोडतो?

‘आय ॲम लीव्हिंग इन कान्हे.’ नोकरीच्या अर्जांत हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. लिहिणाऱ्याला सांगायचे असते, की मी कान्ह्यात राहतो. पण राहण्यासाठी लागणारा एल-आय-व्ही-ई हा शब्द सोडून त्याने एल-ई-ए-व्ही-ई पासून झालेला शब्द लिहिलेला असतो, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे सोडून जाणे. तळेगावच्या किंवा चाकणच्या कंपनीत तो अर्ज वाचणाऱ्याला मतलब कळतो, पण अर्जदाराबद्दलचे पहिले मतही तिथेच तयार होते. मुलगा हुशार असतो, आयटीआयला चांगले गुण मिळवलेला असतो, मशीनवर हात बसलेला असतो. एका शब्दामुळे तो निष्काळजी ठरतो.

ही चूक करणाऱ्यांना इंग्रजी येत नाही, असे मला वाटत नाही. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाऊ लागली. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्या शेजारच्या पिंपरी-चिंचवडचेच. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. कान्हे फाट्यावरून टाकव्याला, लोकलने तळेगाव-चिंचवडला कामाला जाणाऱ्यांत ती आहेत, आणि रोज इंग्रजीत काही ना काही लिहितात: रजेचा अर्ज, शिफ्टचा अहवाल, ग्राहकाला मेल. त्यांची भाषा अडत नाही. अडते ते शब्दांच्या जोड्यांपाशी, म्हणजे कानाला सारख्या आणि अर्थाने वेगळ्या असलेल्या दोन शब्दांपाशी. हा लेख अशा शब्दांसाठी आहे.

कान ऐकतो तसा हात लिहितो

मराठी माणूस ऐकतो तसे लिहितो. याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्या मावळातच आहे. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज पुण्यावर चालून आली. तिच्यातला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट कार्ल्याच्या परिसरात मारला गेला. शत्रू असूनही त्याच्या शौर्याची कदर करून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. स्टुअर्टचा इष्टुर झाला, कारण आपल्या कानाने ते नाव तसे ऐकले. कान्ह्याहून एका स्टेशनावर असलेल्या वडगावात त्याचे स्मारक आहे. त्याच महिन्यात वडगावात तह झाला. इंग्रजांनी त्या गावाचे नाव डब्ल्यू-ए-आर-जी-ए-यू-एम असे लिहिले. वडगावचे ‘वारगाम’ झाले ते त्यांच्या कानामुळे. परकी भाषा प्रत्येकजण आपल्याच कानाने ऐकतो. यात कमीपणा नाही. मात्र लिहिताना नुसत्या कानावर विसंबणे महागात पडते.

इंग्रजीत तर ते फारच महागात पडते. १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले, पण लोकांचे उच्चार बदलत राहिले. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये निघाला, तोवर लिहिणे आणि बोलणे यांत बरेच अंतर पडले होते. सरदार या अर्थाचा ‘नाइट’ के-एन पासून सुरू होतो, रात्र या अर्थाचा नुसत्या एन पासून. पूर्वी तो ‘के’ उच्चारला जात असे. उच्चार गेला, अक्षर राहिले.

जुनी मराठी पुस्तके पाहिलेल्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. पूर्वी माणसाचे ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि पाण्यातली ‘नाव’ अनुस्वाराशिवाय. बोलताना दोन्ही सारखेच, ओळख त्या टिंबावरून. साहित्य महामंडळाने तयार केलेले नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे असे अनुस्वार गेले. इंग्रजीने आपली न उच्चारली जाणारी अक्षरे काढली नाहीत, एवढाच फरक. आणि दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, हे तर आजही आपण वेलांटीवरून ओळखतो. सारख्या दिसणाऱ्या शब्दांत फरक करण्याची सवय आपल्याला शाळेपासून आहे. तीच इंग्रजीकडे वळवायची.

आधी मराठीत विचारा

माझा सगळा सल्ला एका वाक्यात सांगता येईल: शंका आली की तो शब्द मराठीत सांगून पाहा. इंग्रजीत जे दोन शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, त्यांचे मराठी अर्थ एकमेकांपासून कोसभर लांब असतात. ‘लूज’ म्हणताना गोंधळ होईल, पण ‘सैल’ आणि ‘गमावणे’ यांत कोणाचा गोंधळ होत नाही. मेजर कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ साली निघाला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घरोघरच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या अभ्यासाची वाट मराठीतूनच जात होती. ती वाट आपण उगाच सोडली. मराठीत विचार केला तर इंग्रजी बिघडते, असे मुलांना सांगितले जाते. वाक्याच्या रचनेपुरते ते खरे असेल. शब्दाची निवड करताना मात्र मराठी हीच सर्वांत भरवशाची कसोटी आहे.

ती कसोटी आता नेहमीच्या जोड्यांना लावून पाहू.

उच्चार एक, कामे दोन

स्टेशनरी. शेवटून तिसरे अक्षर ‘ए’ असेल तर अर्थ एका जागी उभे असलेले, आणि ‘ई’ असेल तर वह्या, पेने, लिफाफे. सिग्नल नाही म्हणून कान्ह्याला थांबून राहिलेली लोकल ‘ए’वाली. ‘ए’ म्हणजे ‘एका जागी’, असे लक्षात ठेवा. ‘ई’ने लिफाफ्याचा इंग्रजी शब्द ‘एन्व्हलप’ सुरू होतो, म्हणून कागदाच्या दुकानाच्या पाटीवर ‘ई’. हे दोन शब्द मुळात एकाच घरातले आहेत. मध्ययुगात युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ असत. एका जागी दुकान मांडून पुस्तके विकणारा तो ‘स्टेशनर’, आणि त्याच्याकडे मिळणारा माल ती स्टेशनरी.

प्रिन्सिपल. पी-ए-एल ने संपणारा शब्द मुख्य या अर्थाचा. कॉलेजचे प्राचार्य हेच, आणि कर्जाची मुद्दलही हीच. पी-एल-ई ने संपणारा म्हणजे तत्त्व. पी-ए-एल ही अक्षरे मराठीत वाचा: पाल. राज्यपाल, द्वारपाल यांतला सांभाळणारा तो पाल. प्राचार्य कॉलेज सांभाळतात. बँकेच्या कागदांवर हप्त्यातला मुद्दलीचा भाग ‘प्रिन्सिपल’ म्हणून दाखवतात, तिथेही पाल. बँकेला अर्ज करताना ‘मुद्दल लवकर फेडायची आहे’ असे लिहायचे आणि प्रत्यक्षात ‘तत्त्व फेडायचे आहे’ असे लिहून बसायचे, हे टाळता येते.

कॉम्प्लिमेंट. ‘एल’नंतर ‘आय’ असेल तर कौतुक, ‘ई’ असेल तर पूरक. पूर्ण करणारे ते पूरक, आणि पूर्ण या अर्थाच्या ‘कम्प्लीट’मध्येही ‘एल’नंतर ‘ई’च आहे. लोणावळा, कार्ला, पवना परिसरात हॉटेल आणि रिसॉर्ट चालवणाऱ्यांनी हा शब्द नीट पाहावा. पाहुण्यांना मोफत नाश्ता द्यायचा असेल तर ‘कॉम्प्लिमेंटरी’मध्ये ‘आय’ हवा, कारण तो सौजन्य म्हणून दिलेला असतो. इंद्रायणीचा मऊ भात आणि तिखट आमटी एकमेकांना पूरक आहेत असे लिहायचे असेल, तर मात्र ‘ई’.

इट्स. वर स्वल्पविरामासारखे चिन्ह आहे की नाही, यावर सगळे अवलंबून. चिन्ह असेल तर तो ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. नसेल तर ‘त्याचा, त्याची, त्याचे’. कसोटी सोपी: वाक्यात ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून मोठ्याने वाचा. बसले तर चिन्ह द्या. ‘कंपनी आणि तिचे कर्मचारी’ लिहिताना ‘कंपनी अँड इट इज एम्प्लॉइज’ बसत नाही, म्हणून चिन्ह नको. हीच कसोटी ‘युअर’ला लावा. ‘तुझे’ असेल तर वाय-ओ-यू-आर, ‘यू आर’ असेल तर चिन्हासह. ‘देअर’ तीन प्रकारचा: ‘तिथे’ असेल तेव्हा टी-एच-ई-आर-ई, ‘त्यांचे’ असेल तेव्हा टी-एच-ई-आय-आर, आणि ‘ते आहेत’ असेल तेव्हा चिन्हासह ‘दे आर’. तिथे, त्यांचे, ते आहेत: तीन मराठी उत्तरे, तीन इंग्रजी स्पेलिंगे.

एका अक्षराचा फरक

आता अशा जोड्या, ज्यांचे इंग्रजी उच्चार खरे तर वेगळे आहेत, पण आपण ते एकसारखे करून टाकले आहेत.

लूज. वर्कशॉपमध्ये ‘नट लूज झालाय’ हे वाक्य दिवसातून दहादा कानावर येते. हा सैल, याला दोन ‘ओ’, आणि खरा उच्चार ‘लूस’. गमावणे, हरणे, हरवणे या अर्थाचा शब्द एकाच ‘ओ’चा, उच्चार ‘लूझ’. एक ‘ओ’ हरवला म्हणून एकच उरला, असे मुलांना सांगावे. ती विसरत नाहीत. ‘ही ऑर्डर आपण गमावता कामा नये’ असे मेलमध्ये लिहायचे असेल, तर एकच ‘ओ’. दोन ‘ओ’ लिहिलेत तर वाक्याचा अर्थच लागत नाही.

ॲडव्हाइस. सल्ला हे नाम, त्याला ‘सी’. सल्ला देणे हे क्रियापद, त्याला ‘एस’, आणि उच्चार ‘ॲडव्हाइझ’. मराठीतले ‘देणे’ही त्याच एका इंग्रजी शब्दात आले की ‘एस’. ‘डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला’ यासाठी ‘द डॉक्टर ॲडव्हाइझ्ड मी टू रेस्ट’, म्हणजे ‘एस’. ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’ म्हणायचे तर ‘सी’. सल्ला या अर्थाच्या शब्दाला इंग्रजीत अनेकवचन नाही, हेही लक्षात असू द्या. ‘ॲडव्हायसेस’ लिहू नये. इंग्लंडच्या पद्धतीत ‘प्रॅक्टिस’चेही असेच आहे: सराव म्हणजे ‘सी’, सराव करणे म्हणजे ‘एस’. अमेरिकन लोक दोन्हीकडे ‘सी’ लिहितात.

अफेक्ट आणि इफेक्ट. परिणाम करणे हे ‘ए’चे काम, झालेला परिणाम हा ‘ई’चा. वर्णमालेत ‘ए’ आधी येतो, ‘ई’ नंतर. तसेच घटना आधी, परिणाम नंतर. जोराच्या पावसाने लोकलवर परिणाम केला: ‘हेवी रेन अफेक्टेड द लोकल ट्रेन्स’. जोराच्या पावसाचा परिणाम म्हणून शिफ्टला उशीर झाला: इथे ‘इफेक्ट’. बदलीच्या किंवा पगारवाढीच्या पत्रात ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ असते, म्हणजे अमुक तारखेपासून लागू. तिथे नेहमी ‘ई’. ‘घडवून आणणे’ या अर्थाने ‘ई’वाला शब्द क्रियापद म्हणूनही येतो, पण तो क्वचितच लागतो. आधी हे दोन नेहमीचे उपयोग पक्के करावेत.

डेझर्ट. वाळवंट म्हटले की एक ‘एस’, जेवणानंतरचे गोड म्हटले की दोन. गोड पुन्हा मागावेसे वाटते, म्हणून ‘एस’ही पुन्हा. वाळवंटाचा जोर पहिल्या भागावर, गोडाचा दुसऱ्यावर. हॉटेलच्या मेनूकार्डावर एकच ‘एस’ छापला गेला, की आइस्क्रीम आणि गुलाबजामच्या डोक्यावर वाळवंट येते. छापायला देण्याआधी एकदा तपासा.

क्वाएट आणि क्वाइट. शेवटी ई-टी असेल तर शांत, टी-ई असेल तर बऱ्यापैकी. ‘गाव शांत आहे’ आणि ‘गाव बऱ्यापैकी मोठे आहे’, अशी दोन वाक्ये लिहून ठेवा, पुरे.

आणि सुरुवातीची जोडी. राहणे ते लिव्ह, पहिली वेलांटी, म्हणजे ऱ्हस्व. सोडणे ते लीव्ह, दुसरी वेलांटी, म्हणजे दीर्घ. दिन आणि दीन यांत असतो तोच हा फरक. रजेलाही लीव्हच म्हणतात, पण तो शब्द मुळात परवानगी या अर्थाचा, सोडण्याहून वेगळा. दीर्घ उच्चाराला दोन स्वर: ई आणि ए. ऱ्हस्वाला एकच ‘आय’.

मराठीत एक, इंग्रजीत दोन

काही गोंधळ स्पेलिंगचे नसतातच. मराठीचा एकच प्रत्यय दोन कामे करतो आणि इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात. इथे मराठी शब्द जसाच्या तसा उलटवून चालत नाही. तो काय काम करतो आहे, हे विचारावे लागते.

‘पर्यंत’ हे सर्वांत जास्त चुकणारे. ‘अहवाल शनिवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असते’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. पहिल्या वाक्यात मुदत आहे: काम एकदाच व्हायचे, केव्हाही, पण शनिवार उलटायच्या आत. त्याला इंग्रजीत ‘बाय’. दुसऱ्या वाक्यात क्रिया तोवर चालूच राहते. त्याला ‘टिल’. ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल सॅटर्डे’ हे वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला विचित्र वाटते, कारण त्याचा अर्थ शनिवार येईतो अहवाल पाठवतच राहणार, असा होतो. मुदतीला ‘बाय’, चालू राहण्याला ‘टिल’, एवढे सांभाळले तरी कार्यालयीन मेल कितीतरी सुधारतील.

‘पासून’चेही तसेच. ‘२०२१ पासून इथे काम करतो’ आणि ‘तीन वर्षांपासून इथे काम करतो’. पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. आपली रेल्वेची पट्टी डोळ्यांपुढे आणा. स्टेशनाचे नाव सांगितले, म्हणजे सुरुवातीचा नेमका ठिकाणा, तर ‘सिन्स’. किती किलोमीटर ते सांगितले, म्हणजे लांबी, तर ‘फॉर’. वर्ष, तारीख, वार ही स्टेशने. तास, महिने, वर्षांची संख्या हे अंतर. दोन्हीकडे क्रियापद मात्र ‘हॅव बीन वर्किंग’ असे लागते. ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ यात दोन चुका एकत्र आहेत.

‘उसने’ आणतात आणि देतातही. शेजारून दोन शेर तांदूळ आणले तर ‘बॉरो’, दिले तर ‘लेंड’. मराठीत दिशा क्रियापद सांगते, इंग्रजीत शब्दच बदलतो. ‘कॅन यू बॉरो मी युअर बाइक’ असे विचारू नये. ‘कॅन यू लेंड मी’ किंवा ‘कॅन आय बॉरो’.

सराव कसा करावा

पहिली गोष्ट, मोबाइलच्या तपासणीवर पूर्ण विसंबू नका. स्पेलिंग तपासणारी सोय चुकीचा शब्द पकडते, पण या जोड्यांतले दोन्ही शब्द स्पेलिंगने बरोबरच असतात. ‘आय ॲम लीव्हिंग इन कान्हे’ खाली लाल रेघ येईलच असे नाही. उलट पहिली दोन अक्षरे टाकताच मोबाइल स्वतःच एक शब्द पुढे करतो आणि आपण घाईत तो स्वीकारतो. तिथे क्षणभर थांबायचे.

दुसरी, एक छोटी वही ठेवा. पानाच्या मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना जोडीतला एकेक शब्द, त्याखाली मराठी अर्थ आणि त्याखाली स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य. पुस्तकातले वाक्य विसरते. आपल्या लोकलचे, आपल्या मशीनचे, आपल्या शेतातल्या भाताचे वाक्य विसरत नाही. आठवड्याला पाचच जोड्या. दहा आठवड्यांत पन्नास होतात, आणि रोजच्या कामाला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

तिसरी, विद्यार्थ्यांसाठीचा चांगला इंग्रजी शब्दकोश वापरा. त्यात शब्दापुढे तो नाम आहे की क्रियापद, हे दिलेले असते. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘इफेक्ट’च्या जोड्या त्या एका खुणेवर सुटतात.

चौथी, महत्त्वाचा अर्ज लिहून झाल्यावर लगेच पाठवू नका. तासभराने तो शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे, उलट क्रमाने वाचा. सरळ वाचताना मन अर्थामागे धावते आणि डोळा चूक ओलांडून जातो. उलट वाचताना प्रत्येक वाक्य सुटे दिसते. जिथे शंका येईल, तिथे तो शब्द मराठीत सांगा.

पाचवी विनंती पालकांना आणि शिक्षकांना. मुलाने ‘लूज’ चुकीचा लिहिला, तर ‘एवढेही येत नाही का’ असे म्हणू नका. त्याला विचारा, ‘तुला सैल म्हणायचे आहे की गमावणे?’ उत्तर त्याचे त्यालाच सापडेल, आणि मराठी ही आपली अडचण नसून आधार आहे, हेही त्याच्या मनात रुजेल.

आज रात्रीच हाताशी असलेला आपला जुना अर्ज किंवा बायोडेटा काढा. त्यातली पत्त्याची ओळ आधी वाचा. तुम्ही आपल्या गावात राहता, असे तिथे लिहिले आहे ना, याची खात्री करून घ्या.